पंगतीत वाढणाऱ्या हातांना

प्रिय बाळा,

प्रभू येशूच्या नावाने सलाम.

पत्र पोहोचलं. तुला उपासनेत पेटी वाजवायची होती आणि चर्चच्या पंचांनी तुझ्याकडे प्रीतिभोजनाचं, म्हणजे सगळ्यांच्या एकत्र जेवणाचं, वाढप सोपवलं. “यात माझी आत्मिक वाढ कशी होणार?” असं तू विचारतोस. प्रश्न मनापासून आहे, म्हणून उत्तरही सविस्तर लिहितो.

बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय काढ. यरुशलेमच्या त्या पहिल्या मंडळीत कुरकुर सुरू झाली ती जेवणावरून. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा होत होती. प्रेषितांनी वाढपासाठी सात जण निवडायला सांगितले आणि अट घातली ती पवित्र आत्म्याने व ज्ञानाने पूर्ण असण्याची. त्या सातांतला स्तेफन पुढे दगडमार सोसून मेला, मारणाऱ्यांसाठी प्रार्थना करत. फिलिप्प शोमरोनात सुवार्ता घेऊन गेला. दोघांचीही नेमणूक पंगतीवर झाली होती, हे मला फार मोलाचं वाटतं.

पंगतीत उभं राहिलं की व्यासपीठावरून न दिसणारी माणसं दिसतात. कोण एकटं बसतं, कोण गेले दोन रविवार आलेलं नाही, कोणत्या घरची मुलं जरा जास्तच भुकेली आहेत. नव्याने आलेलं कुटुंब बहुधा शेवटच्या ओळीत, दाराजवळ बसतं. त्यांची नावं विचारून घे, आठवड्यात प्रार्थनेत ती नावं घे, जमलं तर पाळकांबरोबर त्यांच्या घरी जाऊन ये. विधवांना का डावललं जात होतं ते तुला तिथे समजेल. दर वेळी त्यामागे दुष्टपणाच असतो असं नाही. आपल्या ओळखीच्यांना आधी वाढायची सवय पुरते.

पण एक जपून ऐक. नुसतं काम करत राहिल्याने माणूस ख्रिस्तात वाढतोच असं नाही. पंडिता रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, 1889 साली मुंबईत शारदा सदन काढलं, विधवांसाठी जिवाचं रान केलं. तरीही आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त मात्र अजून सापडला नाही, हे त्यांना त्या सेवेच्या वर्षांतच उमगलं, आणि त्यांनी ते पुढे उघडपणे लिहिलं. सेवा सोडून त्या कुठे गेल्या नाहीत. दुष्काळातल्या मुलींना केडगावला आसरा दिला तो त्यानंतर. केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये काम आणि प्रार्थना शेजारीशेजारी नांदली. तूही शनिवारी रात्री वचनाशी निवांत बस. रविवारी भांडी मोजायची आहेत म्हणून उपासना अर्धी सोडून स्वयंपाकघरात पळू नकोस. तेवढ्यासाठी दुसरा माणूस मागून घे.

चिडचिड होईल. एखादे काका तुझ्या प्रत्येक कामात खोट काढतील, सोबतचा मुलगा आयत्या वेळी गायब होईल, आभार मानताना तुझं नाव राहून जाईल. त्या दिवशी योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय वाच. येशूने शिष्यांचे पाय धुतले तेव्हा त्याला धरून देणारा यहूदा इस्कर्योत तिथेच होता. तो बाहेर गेला तो नंतर. त्याच्या मनात काय चाललंय हे प्रभूला ठाऊक होतं. त्या काकांना वाढताना तुझ्या मनात जे उसळेल ते देवासमोर जसंच्या तसं मांड. तुझी वाढ व्हायची ती बरीचशी तिथेच होईल, असं माझं ठाम मत आहे. त्याच अध्यायात पेत्र पाय धुऊन घ्यायला तयार नव्हता, तेही वाच. कधी कुणी तुला म्हणालं, “बस, आज मी वाढते,” तर नाही म्हणू नकोस.

पेटीचा रियाज सोडू नकोस. पंचांना तुझी इच्छा सरळ सांग, त्यात गैर काही नाही. मात्र वाढपाला माणूस मिळेपर्यंत ते काम अर्ध्यावर टाकू नकोस. नाताळच्या जेवणाला किती पानं होतील याचा अंदाज महिला मंडळाच्या बायकांना विचारून घे, त्यांचा हिशेब सहसा चुकत नाही. आईबाबांना सलाम सांग.

तुझा,
काका