मंडळाच्या आणि सोसायटीच्या व्यापातून ऑक्टोबरमध्ये तीन-चार दिवस समुद्रकिनारी विश्रांतीला कोठे जावे, आणि सहकाऱ्यांना काय सांगावे?

आपल्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर दापोली तालुक्यातील आंजर्ले हे आहे. दुसऱ्या प्रश्नावर मात्र मला सविस्तर लिहायचे आहे, कारण हे ‘काय सांगावे’ ठरवण्यात माझी अनेक वर्षे गेली आणि तोवर मी कोठेच गेले नाही.

डोंबिवलीतील आमच्या महिला मंडळाची मी अकरा वर्षे खजिनदार होते. ज्यांनी असे काम केले आहे, त्यांना श्रावण ते कार्तिक हा काळ कसा जातो ते सांगायला नको. २०२२ साली करोनाचे निर्बंध उठल्यानंतरचे पहिलेच मोकळे सण आले, त्यामुळे अथर्वशीर्षाची आवर्तने, भोंडला, हळदीकुंकू, सारे काही मोठ्या प्रमाणावर करायचे ठरले. ९ ऑक्टोबरला कोजागिरी होती. साठ लिटर दूध आटवण्यासाठी आम्ही चौघीजणी दुपारी चारपासून गच्चीवर शेगड्यांसमोर उभ्या होतो, आणि रात्री पातेली घासून ठेवल्यावर माझा उजवा हात खांद्यापासून वर उचलेना. त्याच रात्री मी सर्वांना सांगितले की परवापासून चार दिवस मी आणि माझे यजमान आंजर्ल्याला जात आहोत.

आमच्या अध्यक्षा माझ्यापेक्षा वयाने मोठ्या आहेत, त्यांना मी ताई म्हणते आणि त्यांच्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. त्या म्हणाल्या, “दिवाळी पहाट तोंडावर आली असताना खजिनदाराने गाव सोडायचे? समाजाच्या कामाला रजा नसते.” बाकीच्यांनी प्रेमाने वेगळाच तोडगा काढला, की आपण सगळ्याच जाऊ, बस करू, वाटेत गाण्याच्या भेंड्या खेळू. त्या बसचे पैसे गोळा कोण करणार आणि कोण कोणाशेजारी बसणार हे कोण ठरवणार, हे मला विचारावे लागले नाही. आपल्याला पहिला सल्ला हाच आहे की विश्रांतीची सहल होऊ देऊ नका. माणसे तीच असली तर काम तेच राहते, फक्त जागा बदलते.

आम्ही दिव्याहून सावंतवाडीच्या गाडीने खेडला उतरलो आणि तेथून एसटीने दापोलीमार्गे आंजर्ल्याला पोहोचलो. त्या वर्षी पाऊस लांबला होता. पहिली संध्याकाळ आम्ही उतरलो होतो त्या घराच्या पडवीत बसून काढली. समोरच्या वाडीत ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाच्या खुणा अजून स्पष्ट दिसत होत्या. उंच माडांच्या रांगेत मोठमोठी खिंडारे पडली होती, आणि खाली केळींच्या सावलीत सुपारीची गुडघाभर उंचीची नवी रोपे लावली होती. घरच्या काकू म्हणाल्या की यांना फळ धरायला अजून सहा-सात वर्षे जातील. त्या हे सांगताना तांदूळ निवडत होत्या आणि त्यांचा हात एकदाही थांबला नाही. तेथे मी दोन तास काहीही न करता बसले. असे मी शेवटचे कधी बसले होते, ते मला आठवेना.

दुसऱ्या दिवशी काकूंनी मला भरतीचा हिशेब शिकवला. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो. त्या दिवशी वद्य तृतीया होती, म्हणून सव्वादोनची भरती आणि तिच्या सहा तास आधी, म्हणजे सकाळी आठच्या सुमारास, ओहोटी. आम्ही आठ वाजता किनाऱ्यावर गेलो तेव्हा पाणी दूर गेले होते आणि ओल्या वाळूवर लहान खेकड्यांनी बिळाभोवती मोहरीएवढ्या गोळ्यांची नक्षी घातली होती. मी खाली बसून पाहिले. नखाएवढा खेकडा वाळू तोंडाशी नेई, त्यातले खाद्य काढून घेई, उरलेल्या वाळूची गोळी बाजूला ठेवी, आणि एक ओळ पूर्ण झाली की बिळाशी परत येऊन दुसरी धरी. दुपारी भरती येऊन ते सारे पुसले गेले. वर्षानुवर्षे दर महिन्याला जमाखर्च जुळवणाऱ्या माझ्यासारखीला ते पाहताना जे वाटले, ते मी ताईंना कधी समजावून सांगू शकले नाही.

१३ तारखेला संकष्टी होती, म्हणून आम्ही कड्यावरच्या गणपतीला निघालो. पायऱ्यांवर अर्ध्या वाटेत फोनला रेंज आली आणि मंडळाकडून आलेले सात फोन एकदम दिसले. मंडपवाला आगाऊ रक्कम मागत होता आणि कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, हे ताईंना ठाऊक नव्हते. मी पायरीवर बसून आमच्या सर्वांत तरुण सभासद मुलीला फोन केला. किल्ली तिच्याकडेच होती. तिने सकाळीच पैसे देऊन पावती घेतली होती, वहीत नोंद केली होती, आणि मला त्रास देऊ नका असे ताईंना सांगूनही पाहिले होते. मी फोन बंद करून उरलेल्या पायऱ्या चढले. वरून माडांच्या बागा, खाडी आणि पलीकडे पाण्यातला सुवर्णदुर्ग दिसतो.

परत आल्यावर ताई म्हणाल्या, “या वेळी अडले नाही, पण अडले असते तर?” तेव्हा मी गप्प बसले. आज उत्तर देते. जो कार्यकर्ता कधीच रजा घेत नाही, तो दुसऱ्याला तयार होऊ देत नाही. अकरा वर्षे किल्ली मी माझ्याच पर्समध्ये ठेवली आणि त्यालाच सेवा म्हणत राहिले, ही माझी चूक होती, आणि ताई आजही तीच चूक करत आहेत. त्या मुलीने चार दिवसांत जे शिकून घेतले, ते माझ्या शेजारी बसून तिला चार वर्षांत शिकता आले नसते. पुढच्या वर्षी खजिनदार तीच झाली. तेव्हा आपण सहकाऱ्यांना आजारपण, लग्न किंवा देवदर्शन अशी कारणे सांगू नका. तारखा सांगा आणि किल्ली कोणाकडे आहे ते सांगा.

आता काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या, त्या सांगते. कोजागिरी ते वसुबारस हाच काळ धरावा, कारण दिवाळीच्या सुट्टीत किनारे भरून जातात आणि खोल्या महाग होतात. पाऊस गेला की दुपारचा उकाडा फार असतो, म्हणून फिरणे सकाळी लवकर किंवा सूर्यास्ताच्या वेळी करावे. स्थानिक माणसाला विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नये. रोख रक्कम दापोलीतच काढून ठेवावी. मासे खाणाऱ्यांनी हर्णे बंदरावरचा लिलाव पाहावा, पण तेथे शांतता मिळणार नाही. कासवे पाहण्याच्या आशेने जाणार असाल तर ऑक्टोबर उपयोगाचा नाही, त्यासाठी उन्हाळ्याच्या तोंडाशी जावे लागते. आंजर्ल्यात जागा न मिळाल्यास केळशीला विचारावे. ते गावही तितकेच निवांत आहे.