पीएचडीला एथिक्सचा कोर्स खरंच सक्तीचा आहे का? माझं काम रत्नागिरीच्या मासळीविक्रेत्या बायकांच्या आरोग्यावर आहे, प्रयोगशाळा नाही.

हो, सक्तीचाच. यूजीसीने 2019 पासून पीएचडीच्या कोर्सवर्कमध्ये ‘रिसर्च अँड पब्लिकेशन एथिक्स’ घातलाय: 2 क्रेडिट, 30 तास. वाङ्मयचौर्याचा भाग पाठच करा. 2018 च्या नियमांनुसार प्रबंधात दुसऱ्यांच्या लिखाणाशी 10 टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, 60 च्या वर गेलं की नोंदणीच रद्द.

प्रयोगशाळा नाही म्हणून सुटका नाही, उलट तुम्हाला जास्त लागेल. मी रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या जेटीवर पहिल्यांदा संमतीपत्र पुढे केलं, तर मासळीची पाटी खाली ठेवत मावशी म्हणाल्या, “सही कशाला? कर्जाचा कागद हाय काय?” माझी चूकच होती. लिलाव ऐन रंगात, हात बर्फाने ओले, आणि मी इंग्रजी फॉर्म घेऊन उभा! आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की माहिती समजेल अशा भाषेत द्या; वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदारासमोर अंगठा घ्या. नंतर दुपारी घरी गेलो, मराठीत वाचून दाखवलं. दोघींनी नाही म्हटलं, तेही चालतं.

एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधन नैतिक आहे का ते तपासणाऱ्या समितीची, मंजुरी मात्र पहिल्या मुलाखतीआधी घ्या. मागाहून मिळत नाही.