घटस्फोटाचा दावा चालू आहे, साडेचार वर्षांचा मुलगा आईकडे आहे. वडिलांनी काय करावं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पुण्यात दावा चालू, पत्नी मुलाला घेऊन नाशिकला माहेरी, तीन महिने मुलगा नजरेस पडलेला नाही, आणि वकील म्हणतात, "पाच वर्षांच्या आतलं मूल आईकडेच असतं, सध्या थांबा." शिवाय भेटू देत नाहीत तर पैसे पाठवणं बंद करू का, असंही विचारलंय. मी वकील नाही. मुलगी चार वर्षांची असताना आम्ही वेगळे झालो, आता ती अकरा वर्षांची आहे. त्या सात वर्षांत जे कळलं ते सांगतो.

थांबू नका. मी थांबलो होतो. मलाही सांगितलं गेलं होतं की आधी मूळ दाव्याचं बघू, मुलीचं नंतर. त्यात पाच महिने गेले. पहिल्या भेटीत मुलगी आजीच्या पदराआड गेली आणि पूर्ण तास तिथून हलली नाही. तिला कुणी काही शिकवलं होतं असं मला तेव्हा वाटलं. आज वाटतं, पाच महिन्यांत मी तिच्या रोजच्या दिवसातून निघून गेलो होतो, एवढंच.

पाच वर्षांची गोष्ट खरी आहे, पण अर्धी. हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ६ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा 'सामान्यतः' आईकडे राहील असं म्हटलंय. गोव्यातून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितलं की हे गृहीतक आईच्या बाजूचं आहे, ते खोडता येतं, मात्र आई योग्य नाही हे दाखवायची जबाबदारी बापावर आहे. म्हणजे तुमच्या पत्नीकडून मुलाची खरोखर आबाळ होत नसेल, तर आज पूर्ण ताबा मिळणं अवघड आहे. मनाची तयारी ठेवा. आणि ताब्यासाठी आईवर खोटेनाटे आरोप करू नका. ते कागद कोर्टात राहतात आणि मुलगा मोठा होऊन एक दिवस ते वाचू शकतो.

पण ताबा वेगळा आणि भेट वेगळी. ताबा आईकडे असणं हे भेट नाकारायचं कारण होत नाही. जानेवारी २०२० मध्ये न्या. दीपक गुप्ता यांनी लिहिलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आई आणि वडील दोघांचं प्रेम आणि सहवास हा मुलाचा मूलभूत मानवी हक्क म्हटलाय. मुलाचा, बापाचा नव्हे. ज्याच्याकडे ताबा नाही त्या पालकाला रोज पाच-दहा मिनिटं मुलाशी बोलता यावं, त्यासाठी व्हिडिओ कॉल वापरावा, असंही त्यात आहे. पुणे-नाशिक अंतरासाठी वकिलांना हा निकाल दाखवा.

तुमचा दावा हिंदू विवाह अधिनियमाखाली असेल, तर त्याच दाव्यात कलम २६ खाली भेटीचा अंतरिम अर्ज, म्हणजे अंतिम निकाल लागेपर्यंतच्या तात्पुरत्या व्यवस्थेचा अर्ज, करता येतो. पालक व पाल्य अधिनियम, १८९० खाली वेगळा अर्ज केलात तर तो मूल जिथे सामान्यतः राहतं तिथल्या न्यायालयात जातो, म्हणजे पत्नी नाशिकचा मुद्दा काढेल आणि त्यातच महिने जातील. म्हणून आहे त्या दाव्यात अर्ज करा, आणि या आठवड्यात करा.

अर्जात 'मुलाला भेटू द्यावे' एवढंच लिहू नका. वार, वेळ, जागा, मुलाला कोण आणणार, कोण परत नेणार, तो आजारी पडला तर बदली दिवस कोणता, फोन किती वाजता, रात्रीचा मुक्काम केव्हापासून, सगळं लिहून मागा. आमच्या आदेशात 'दिवाळीच्या सुट्टीचा अर्धा भाग' असं होतं. लक्ष्मीपूजन कोणत्या अर्ध्यात यावरून आमचं इतकं वाजलं की ती दिवाळी मुलीने रडत काढली. पुढे आम्ही समुपदेशकांसमोर बसून लिहून घेतलं: एका वर्षी पहिला अर्धा माझ्याकडे, पुढच्या वर्षी दुसरा. गणपतीचंही तसंच. त्यानंतर त्यावरून कधी वाद झाला नाही.

कौटुंबिक न्यायालयातल्या विवाह समुपदेशकांना शत्रू समजू नका. तुम्ही ऑफिसात असताना मुलाकडे कोण बघणार, त्याला कोणती भाजी आवडत नाही, लसीचा शेवटचा डोस कधी झाला, असे साधे प्रश्न ते विचारतात. मला डोसाची तारीख सांगता आली नव्हती. तुम्ही तयारीने जा.

सुरुवातीच्या भेटी बहुधा कोर्टाच्या मुलांच्या खोलीतच होतील. मी पहिल्या तीन शनिवारी महागडी खेळणी नेली. तिने हात लावला नाही. समुपदेशक बाई म्हणाल्या, "घरी तुम्ही दोघं काय करायचात, ते करा." चौथ्या शनिवारी डब्यात उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा नेल्या. घरी आमचा नियम होता, तीन दाण्यांची शेंग तिची आणि दोन दाण्यांची माझी. मी काही न बोलता सोलत बसलो आणि तीन दाण्यांची एक मुद्दाम तोंडाजवळ नेली. "ती माझी आहे," ती आजीच्या मांडीवरून म्हणाली. मग उतरून आली.

भेटीत आईबद्दल एक शब्दही विचारू नका. "आई काय म्हणते, कोण येतं घरी", काहीच नाही. मुलं थोडी मोठी झाली की न्यायाधीश त्यांच्याशी चेंबरमध्ये बोलतात, पण त्यासाठी मुलाला पढवणारा बाप लगेच ओळखू येतो, आणि मुलाच्या मनावर त्याचं ओझं राहतं.

आदेश झाल्यावर मुलाला आणलं नाही तरी तुम्ही ठरल्या वेळी हजर राहा. तिथून एक साधा मेसेज टाका, 'मी आलो आहे, अमुक वेळेपर्यंत थांबतो.' भांडण नको. पुढच्या तारखेला हे मेसेज जोडून बुडालेल्या भेटींच्या बदल्यात भेटी मागा. शाळेतून मुलाला परस्पर उचलून आणायचा विचार कुणी डोक्यात घातला असेल तर काढून टाका. मुलगा घाबरेल आणि न्यायालयाचा तुमच्यावरचा विश्वास जाईल.

पैसे अजिबात बंद करू नका. मुलाचा खर्च हा भेटीचा मोबदला नाही, त्या दोन गोष्टी कायद्यातही वेगळ्या आहेत. बँकेतूनच पाठवा, म्हणजे नोंद राहील. शाळेची फी जमलं तर थेट शाळेत भरा.

आणि ताब्याचा आदेश कायमचा नसतो. परिस्थिती बदलली की बदलून मागता येतो. मला सुरुवातीला शनिवारचा एक तास होता, पहिल्या वर्षानंतर पूर्ण रविवार, मुलगी सात वर्षांची झाल्यावर मुक्काम. आता मे महिन्यातले तीन आठवडे ती माझ्याकडे असते.

उद्या वकिलांना फोन करून फक्त अंतरिम अर्जाचं विचारा. ते नाहीच म्हणाले तर दुसऱ्या वकिलांचं मत घ्या. अर्जावर कोणती तारीख पडली ते इथे कळवा. आदेशाच्या मसुद्यात काय मागायचं, त्यात मी मदत करेन.