ओसाड टेकडी पुन्हा हिरवी करायची आहे. गावकऱ्यांना आणि शाळेला सोबत कसं घ्यावं?

रोपं लावायची तारीख एवढ्यात ठरवू नका. आम्ही तिथूनच सुरुवात केली आणि तोंडावर आपटलो. मुलं, फलक, फोटो, सगळं झालं. उन्हाळ्यात बघायला गेलो तर निम्मी रोपंही जिवंत नव्हती. शाळेला सुट्टी, त्यामुळे पाणी घालायला कोणी नाही आणि उरलेल्यांचे शेंडे शेळ्यांनी खाल्लेले. शेळ्यांवर चिडून काय उपयोग? त्या आधीपासून तिथे चरत होत्या, न विचारता घुसलो होतो ते आम्ही.

म्हणून आधी टेकडीवर रोज कोण जातं ते बघा. गुराखी, सरपण आणणाऱ्या बायका. ही माणसं बैठकीला फारशी येत नाहीत, आली तरी मागे बसतात. त्यांच्यासोबत टेकडी चढा. पाणी कुठे मुरतं, कोणतं झाड तोडलं तरी फुटतं, हे त्यांना पाठ असतं. सरसकट चराईबंदी लादू नका. एक तुकडा दोन-तीन वर्षं राखायचा, त्यातलं गवत कापून न्यायला मुभा, बाकी टेकडी खुली, असं काहीतरी त्यांनाच ठरवू द्या.

कदाचित फारसं लावावंही लागणार नाही. आफ्रिकेतल्या नायजरमध्ये १९८०च्या दशकात लावलेली रोपं मरत होती, पण तोडलेल्या झाडांची मुळं शेतांत जिवंत होती. तिथे काम करणारे ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ टोनी रिनॉडो यांनी शेतकऱ्यांना मोजके जोमदार धुमारे राखून बाकीचे छाटायला सुचवलं. पुढे सुमारे ५० लाख हेक्टरवर झाडी परतली. यातली गोम अशी की कायद्याने तिथली झाडं सरकारची होती. राखलेलं झाड आपल्याला वापरता येईल असा भरवसा आल्यावरच लोकांनी मनावर घेतलं. तुमच्याकडेही गवत, फळं, सरपण कोणाचं, हे आधीच बोलून घ्या. (टेकडी मुळातच गवताळ असेल तर तिथे झाडं कोंबू नका, हेही जाता जाता.)

शाळेला खड्डे खणायला बोलावण्यापेक्षा मोजणी द्या. केनियात वांगारी माथाई यांनी १९७७ मध्ये सुरू केलेल्या ग्रीन बेल्ट या झाडं लावण्याच्या चळवळीत बायकांना जगलेल्या रोपांमागे थोडे पैसे मिळत. हिशेब जगलेल्यांचाच ठेवावा. आम्ही सुतळीची एक मीटरची चौकट केली. दर महिन्याला त्याच जागी ती टाकून आत किती जातींची रोपं, किती उंच, ते मुलं वहीत लिहितात. वर्ग बदलला की वही खालच्या वर्गाकडे जाते. सुट्टीतली पाळी जवळ राहणाऱ्या मुलांच्या घरच्यांशी बोलून लावतो.

मोठ्यांनी मात्र निकाल देण्याची घाई करू नये. एका रोपापुढे मी ‘मेलं’ लिहायला सांगितलं, तर एका मुलीने नखाने साल खरवडून दाखवली. आतून हिरवी होती. वहीत खाडाखोड करावी लागली.