नवरा रोज रात्री मित्रांसोबत गेममध्ये लाकडं तोडतो. यात मजा नेमकी कशात आहे?

तुमचा प्रश्न वाचून आधी हसलो, मग जरा ओशाळलो. तुम्ही लिहिलंय की नवरा रात्री दहाला हेडफोन लावून बसतो, सोबत तीन मित्र असतात, दोन तास लाकडं तोडतात, घर बांधतात. ना गोष्ट पुढे सरकते, ना कोणी जिंकतं. परवा तर तो "अरे धूर कोंडलाय, छप्पर फोड!" म्हणून ओरडला आणि झोपलेलं पोर उठलं. शिवाय खऱ्या घरातला बाथरूमचा बल्ब तीन आठवडे बंद आहे.

बल्बाबद्दल मी न बोललेलं बरं, आमच्याकडे नळ गळतोय. बाकीचं सांगतो, कारण तुमच्या प्रश्नातला तो माणूस थोडाफार मीच आहे. गेमचं नाव तुम्ही दिलेलं नाही, पण लाकडं, चौघं जण आणि कोंडलेला धूर म्हणजे बहुतेक व्हॅलहाइम.

पण सुरुवात व्हाइस सिटीपासून करतो. गेम २००२ चा, आमच्या सांगलीच्या सायबर कॅफेत मी तो पाहिला दोनेक वर्षांनी. तासाला वीस रुपये. एकाच्या खिशात वीस रुपये कधीच नसायचे, म्हणून चौघं वर्गणी काढून एका पीसीसमोर बसायचो. गेममध्ये मिशन असतात, अमक्याला गाठ, तमकं पोचव. आम्ही महिनाभर एकही मिशन केलं नाही. टॅक्सी चोरायची, समुद्राकाठच्या रस्त्याने पळवायची, रेडिओची स्टेशनं बदलत बसायचं. पलीकडच्या बेटावर जायचे पूल सुरुवातीला बंद असतात, वादळाचा इशारा आहे म्हणून. ते ओलांडायला आम्ही नाना खटपटी केल्या आणि दर वेळी पाण्यात पडून मेलो, कारण त्या नायकाला पोहताच येत नाही. अख्खं शहर समुद्राकाठी आणि पठ्ठ्याला पोहता येत नाही, याचं आम्हा कृष्णाकाठच्या पोरांना फार हसू यायचं.

कीबोर्ड एकाकडे आणि तिघं मागे उभे. पण कामं वाटलेली असायची. एकाला सगळे चीट कोड पाठ. 'पँझर' टाइप केलं की समोर रणगाडा टपकायचा, 'लीव्ह मी अलोन' सलग टाइप केलं की पोलीस पाठ सोडायचे. दुसरा घड्याळ बघायचा. तिसरा नुसता "डावीकडं घे, डावीकडं!" म्हणायचा, त्याचा उपयोग शून्य, पण तो नसला की खेळायला मजा यायची नाही. याला को-ऑप, म्हणजे मिळून खेळणं, म्हणतात हे पुढे कधीतरी कळलं.

आता तुमच्या प्रश्नाचा पहिला भाग, की गोष्ट नाही, ध्येय नाही, मग करायचं काय? तेच तर. काय करायचं ते आपण ठरवायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण पस्तिशीच्या माणसाच्या दिवसात असे तास किती असतात बघा. ऑफिसात कामाची यादी, घरी सामानाची यादी. आणि खरं सांगायचं तर बरेच ओपन वर्ल्ड, म्हणजे मोकळ्या जगात वाटेल तिथे भटकायचे, गेमही तसेच झालेत. नकाशा उघडला की गोवर आल्यासारखे ठिपके. इथे मनोरा चढा, तिथे पाच पेट्या शोधा, झालं की ठिपका पुसला जातो. नकाशा दिवसेंदिवस मोठा होतोय आणि मोकळीक तेवढीच, कधी कधी कमीच. मी असे दोन-तीन गेम विकत घेतले, निम्म्यात सोडले. हप्ता भरल्यासारखं वाटायला लागलं होतं.

आकाराने काही होत नाही याचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे 'नो मॅन्स स्काय' हा अवकाशात फिरायचा गेम. २०१६ च्या ऑगस्टमध्ये आला तेव्हा त्यात ग्रह किती होते? अठरावर अठरा शून्यं. मोकळीक म्हणाल तर एवढी मोकळीक आजवर कोणी दिली नसेल. पहिल्याच दिवशी दोन खेळाडूंनी ठरवून एकच ग्रह गाठला, एकाच ठिकाणी उभे राहिले, आणि एकमेकांना दिसलेच नाहीत. धड सोबत खेळायची सोय त्यात २०१८ साली आली. तोवर ज्याचा तो आपल्या विश्वात एकटा. मला ती बातमी वाचून कसंतरीच झालं होतं.

व्हॅलहाइम याच्या उलट टोकाचा. फेब्रुवारी २०२१ मध्ये आला, स्वीडनमधल्या पाच माणसांनी केलेला, डाउनलोड जेमतेम एक जीबी, आणि महिन्याभरात ५० लाख प्रती खपल्या. एका जगात जास्तीत जास्त दहा जण. तुम्ही मेलेले व्हायकिंग, म्हणजे जुन्या काळचे स्कँडिनेव्हियन दर्यावर्दी लढवय्ये, अंगावर चिंध्या, रानात आणून टाकलेलं. एक डोमकावळा अधूनमधून येऊन दोन शब्द सांगून जातो. पुढचं तुमचं तुम्ही बघा.

आम्ही सुरू केला तो एप्रिल २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत. तेच कॅफेतले चौघं. मी पुण्यात, एक सांगलीतच बँकेत, एक नाशिकला डॉक्टर, एक म्युनिकला. म्युनिकवाल्याचं घड्याळ उन्हाळ्यात साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार. त्यामुळे दर ऑक्टोबरात एक दिवस तो हमखास चुकीच्या वेळी उगवतो.

आमची पहिली लोखंडाची खेप सांगतो, म्हणजे मजा कशात आहे ते कळेल.

लोखंड मिळतं दलदलीत, अर्धवट बुडालेल्या तळघरांत, चिखलाच्या ढिगांवर कुदळ मारून. आमची दलदल निघाली दुसऱ्या बेटावर. लांब जायला या गेममध्ये पोर्टल असतात. एक दार इथे बांधायचं, एक तिथे, दोन्हींना एकच नाव द्यायचं, की क्षणात पलीकडे. फक्त धातू घेऊन त्यातून जाता येत नाही. जवळ लोखंडाचा एक तुकडा असला तरी दार नाही म्हणतं. (पुढे सेटिंगमध्ये ही अट काढायची सोय आली. आम्ही काढली नाही.) एक तुकडा दहा वजनाचा आणि माणूस पेलतो तीनशे. म्हणजे समुद्रमार्ग आला. मोठं गलबत बांधायचं तर लोखंडी खिळे लागतात, आणि लोखंड तर अजून घरी पोचायचंय! तेव्हा पहिली खेप लहान होडीतूनच. तिच्यात सामानाला चार कप्पे, बाकीचं आपल्या अंगावर.

निघालो दहाला. सुकाणू डॉक्टरकडे. वारा समोरून, म्हणून शीड उतरवून वल्हवत, गोगलगाईसारखे. मध्यावर आलो आणि अंधार पडला, पाऊस सुरू झाला. तेवढ्यात बँकवाल्याला आईने हाक मारली. "एक मिनिट" म्हणून तो उठला, त्याचा व्हायकिंग डोलकाठी धरून तसाच उभा. आणि नेमका त्याच वेळी पाण्यातून सर्प वर आला. होडीपेक्षा लांब. म्युनिकवाला आणि मी बाण मारतोय, निम्मे बाण पाण्यात, होडी हेलकावे खातेय, डॉक्टर अत्यंत शांत आवाजात "बीपी पडतंय तिचं" म्हणतोय, म्हणजे होडीचं. वारा फिरला, शीड उघडलं आणि आम्ही जे सुटलो ते नकाशाकडे न बघता सरळ पलीकडच्या किनाऱ्याला जाऊन थडकलो.

तो किनारा होता माळरानाचा. आमच्या तेव्हाच्या कपड्यांत तिथे जायचंच नसतं. तिथला एकेक डास कोंबडीएवढा आणि एका डंखात खेळ खलास. त्याने काय करावं? डोलकाठीपाशी उभ्या असलेल्या, घरच्या दिवाणखान्यात आईशी बोलत असलेल्या बँकवाल्यालाच गाठलं. तो परत आला, हेडफोन लावला, दोन सेकंद शांतता. "मी मेलो?"

या गेममध्ये मेलं की अंगावरचं सगळं सामान तिथेच थडग्यात राहतं आणि आपण घरच्या पलंगावर उघडेबोडके उठतो. त्याच्या थडग्यात आमच्या लोखंडाचा पाव हिस्सा. मग म्युनिकवाल्याने खडकाआड घाईघाईने दार उभं केलं, मी ढाल धरून डासाशी नाचतोय, घरून बँकवाला मोकळ्या हातांनी त्या दारातून आला, थडगं उचललं आणि होडीत उडी. साडेबाराला घाटाला लागलो. लोखंड मोजलं तर दोन-तीन चिलखतांपुरतंही नव्हतं. त्या रात्री मी जितका हसलो तितका त्या अख्ख्या वर्षात हसलो नसेन.

हे कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं, बरं का. गेमने फक्त समुद्र, वारा, सर्प, डास आणि ती दाराची आडमुठी अट ठेवली होती. लोखंड दारातून जात असतं तर चौघं चार दिशांना आपापलं खणत बसलो असतो आणि फार तर "तुझं किती झालं?" एवढं विचारलं असतं. मला मोकळ्या जगातली खरी करामत ही वाटते. वाटेल तिथे जायची मुभा द्यायची, पण एकट्याच्याने निभणार नाही असं एखादं ओझं मध्ये ठेवायचं.

झोपेचंही तसंच. रात्र झाली की पलंगावर पडून सकाळ करता येते, पण सगळे खेळाडू आपापल्या पलंगावर असले तरच. एक जण जरी बाहेर भटकत असला तरी बाकीचे डोळे उघडे ठेवून पडून राहतात. "कुठंयस?" "आलो आलो, एवढं एक झाड." "अरे झोप की!" आमच्या घरांत लहानपणी गच्चीवर अंथरुणं घातल्यावर जे संवाद चालायचे तेच. रोज रात्री चार-पाच मिनिटं यात जातात आणि बऱ्याचदा महत्त्वाचं बोलणं त्याच मिनिटांत होतं. बँकवाल्याचं लग्न मोडल्याचं आम्हाला असंच कळलं, तिघं पलंगावर आणि तो बाहेर लाकूड फोडत.

आणि डॉक्टर. त्या खेपेच्या आधी, एप्रिल-मेमध्ये, तो ड्युटीवरून रात्री अकराला घरी यायचा. पहिल्याच आठवड्यात म्हणाला, मी काही मारणार नाही. आम्ही काही विचारलं नाही. आम्ही राक्षसांमागे जायचो आणि तो घरामागे गाजरं लावायचा, मधमाश्यांची पोळी बसवायचा. व्हॅलहाइममध्ये पोळ्याजवळ जाऊन बघितलं की मधमाश्या खूश आहेत असा निरोप येतो. मध्येच, आम्ही कुठल्यातरी गुहेत जीव वाचवून पळत असताना, हेडफोनमध्ये त्याचा आवाज यायचा, "माश्या खूश आहेत." दोन महिने त्याने एवढंच केलं. ठरलेल्या वाटेने नेणाऱ्या गेममध्ये त्याला हे करता आलं नसतं. तिथे दार उघडायला समोरच्याला मारावंच लागतं.

बाकी कोणाचं काय ते आपोआप ठरत गेलं. म्युनिकवाला इंजिनिअर, त्याने पूल बांधले. बँकवाल्याने प्रत्येक पेटीवर पाटी लावली आणि चुकीच्या पेटीत दगड टाकणाऱ्याला तो अजून बोलतो. मी झाडं तोडतो आणि ती मित्रांच्या अंगावर पाडतो. मुद्दाम नाही. बहुतेक वेळा.

भांडणंही होतात, हे सांगायला हवं. आणि या जगाला एक मोठी गोम आहे. वेगळा सर्व्हर, म्हणजे जग कायम चालू ठेवणारा दुसरा कॉम्प्युटर, घेतला नाही तर जग एकाच्या पीसीवर राहतं आणि तो आला तरच उघडतं. आमचं म्युनिकला होतं. त्याला मुलगी झाली आणि आमच्या घराला सहा महिने कुलूप. शेवटी त्याने आमचं अख्खं जग एका फाइलमध्ये मेल केलं, एखाद्या लग्नाच्या व्हिडिओपेक्षाही लहान. त्या रात्री मी एकटाच आत गेलो. पेट्या, पाट्या, पूल, मागची गाजरं, सगळं जागच्या जागी. संध्याकाळ झाली तसा पलंगावर पडलो आणि लगेच सकाळ झाली. कोणासाठी थांबावंच लागलं नाही. मी गेम बंद केला आणि ग्रुपवर लिहिलं, रविवारी कोण कोण येतंय?

आता तो धूर. या गेममध्ये घरात चूल पेटवली की खराखुरा धूर होतो, बाहेर पडायला वाट नसली तर आत साठतो आणि आतली माणसं गुदमरतात. नुसतं छप्पर फोडलं तर पाऊस आत येऊन चूल विझते. यजमानांना सांगा, कौलाच्या कण्यावर हातभर फट ठेवायची आणि तिच्यावर दुसरं लहान छप्पर घालायचं, दोन्ही बाजू उघड्या ठेवून. धूर जातो, पाऊस येत नाही. हे जेवताना सहज बोलल्यासारखं सांगा आणि त्यांचा चेहरा बघा. बल्बाचा विषय त्यानंतर काढा.