भाऊ तालुक्याच्या जेलमध्ये आहे, इन्सुलिन वेळेवर मिळत नाही. घरच्यांनी काय करावं?

ताई, भावाचा खटला अजून उभा राहिलेला नाही, जेल घरापासून दीडशे किलोमीटरवर आणि मुलाकातीत "डॉक्टर आले नाहीत" एवढंच कळतं, असं तुम्ही लिहिलंय. मी विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर वकील आहे, अशा जेलमध्ये नेहमी जातो. तोंडी विनवण्या थांबवा, आजच अर्ज लिहा.

तालुक्याच्या दुय्यम कारागृहाचे अधीक्षक सहसा तहसीलदार असतात, पहारा पोलिसांचा असतो आणि तपासायला ग्रामीण रुग्णालयाचे डॉक्टर येतात, तेही आपली ओपीडी उरकून. आदर्श कारागृह नियमावलीत ३०० बंद्यांमागे एक वैद्यकीय अधिकारी असं प्रमाण आहे. जिथे बंदीच चाळीस-पन्नास, तिथे त्या प्रमाणाचा काय उपयोग? बाहेरच्या दवाखान्यात न्यायचं तर पोलिसांची गार्ड लागते, आणि गणपती, निवडणूक, मोर्चा असं काही निघालं की सगळी माणसं बंदोबस्ताला जातात. डॉक्टरांनी 'रेफर' लिहिलेला कागद तसाच पडून राहतो.

माझ्या एका अशिलाच्या पायाला, शुगर असताना, जखम झाली होती. मी भेटलो तेव्हा त्याने टॉवेलची पट्टी फाडून बांधली होती आणि वास दारापर्यंत येत होता. रजिस्टरमध्ये तीन तारखांसमोर एकच शेरा होता, 'गार्ड उपलब्ध नाही'. तो शेरा मी अर्जात उतरवून कोर्टापुढे ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याला जिल्हा रुग्णालयात हलवलं, पण अंगठा कापावा लागला. महिनाभर आधी कुणी अर्ज केला असता तर तो अंगठा वाचला असता, असं मला आजही वाटतं.

तुमच्या अर्जात इन्सुलिनचं नाव, मात्रा, वेळ लिहा, जुनी प्रिस्क्रिप्शन आणि रिपोर्ट जोडा. जेलमध्ये फ्रिज आहे का, नसेल तर इन्सुलिन कुठे ठेवतात, हे स्पष्ट विचारा. एक प्रत अधीक्षकांना देऊन शिक्क्याची पोच घ्या, दुसरी ज्या कोर्टात केस आहे तिथे वकिलामार्फत लावा. आजारी बंद्याची खबर विनाविलंब वर कळवायची हे १८९४ च्या कारागृह कायद्यापासून लिहिलेलं आहे; तुम्ही मेहेरबानी मागत नाही. आजार गंभीर असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८० खाली आजारपणाच्या कारणावर जामीनही मागता येतो. वकील नसेल तर कोठडीतल्या माणसाला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. विधी सेवा प्राधिकरणाच्या १५१०० या हेल्पलाइनवर फोन करा.

कोर्टाकडून लगेच सगळं होईल असं मात्र समजू नका. आदिवासींच्या हक्कांसाठी काम करणारे पाद्री स्टॅन स्वामी ८४ वर्षांचे, पार्किन्सनचे रुग्ण, मुंबईला लागून असलेल्या तळोजा जेलमध्ये होते. पाणी पिण्यासाठी स्ट्रॉ आणि सिपर मिळावा म्हणून त्यांना कोर्टात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ ला ते वारले तेव्हा जामिनाचा अर्ज प्रलंबितच होता. शेजारी एवढी मोठी रुग्णालयं असताना ही गत, तर दूरच्या जेलमध्ये घरच्यांनी पाठपुरावा सोडून कसं चालेल? दर आठवड्याला विचारा, लेखी विचारा.

उलट्या, गुंगी, धाप यातलं काही कळलं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी वकिलाला कोर्टात उभं करा. आणि पुढच्या मुलाकातीत त्याला पायाला कुठे जखम आहे का, ते आधी विचारा.