वाचक विचारतात: वॉलपेपरवर छापलेला पेपर

प्रश्न: मित्राच्या घरी एक जुना अमेरिकन पेपर फ्रेम करून लावलाय, 1863 चा, व्हिक्सबर्गचा 'डेली सिटिझन', म्हणे भिंतीच्या वॉलपेपरवर छापलाय. असं खरंच होतं का? आणि गाव शत्रूच्या ताब्यात गेल्यावर पेपर काढायचं कोण?
– एक वाचक, सांगली

उत्तर: होतं हो. अमेरिकेच्या यादवी युद्धात (उत्तर विरुद्ध गुलामगिरीवाली दक्षिण) उत्तरेचा सेनापती ग्रँट याच्या फौजेने दक्षिणेच्या ताब्यातल्या व्हिक्सबर्गला वेढा घातला, कागद संपला, मग संपादक स्वोर्ड्स वॉलपेपरच्या कोऱ्या बाजूवर पेपर छापायला लागला. 2 जुलैच्या अंकात खेचराचं मटण कसं गोड लागतं याची तारीफ आहे (भुकेला कोंडा बरा म्हणतात ते असं) आणि वर ग्रँटला टोमणा, 4 जुलैला इथे येऊन जेवायचं म्हणतोस, पण ससा शिजवायचा तर आधी पकडावा लागतो! झालं काय तर बरोब्बर 4 जुलैलाच गाव पडलं. उत्तरेचे सैनिक छापखान्यात शिरले तर खिळे (म्हणजे छपाईची धातूची अक्षरं) जुळवून तसेच ठेवलेले, मग पठ्ठ्यांनी शेवटच्या कॉलममधला बराच मजकूर बदलला, खाली आपली टीप घातली की ग्रँटने ससा पकडला, गावात जेवला पण, आणि जेवण स्वतःच घेऊन आला होता, आणि अंक छापून मोकळे. मला तर ही टीपच जास्त आवडते.

पण मित्राला लगेच लखपती करू नका, या अंकाच्या नकला नंतर 30 च्या वर वेळा छापल्या गेल्यात. अस्सल अंक एकाच पानाचा, साधारण 9 इंच रुंद, 17 इंच लांब, आणि नाव सगळं कॅपिटलमध्ये. पट्टी लावून बघा.

बाकी पेपर कोण काढायचं तर ज्याच्या हातात खिळे तो. म्हणूनच मेम्फिसच्या 'अपील'वाल्यांनी जून 1862 मध्ये गाव पडताना मशीनच रेल्वेत घातलं नि ग्रेनाडा, जॅक्सन, मेरिडियन, अटलांटा असं करत थेट 1865 पर्यंत पळत पेपर काढला. न्यू ऑर्लिन्सला उलटं, तिथे गाव ताब्यात घेतलेल्या उत्तरेच्या जनरल बटलरचा जाहीरनामा छापायला 'ट्रू डेल्टा'ने नकार दिला, तर फौजेतच छपाईकाम येणारे शिपाई निघाले, त्यांनी तिथल्याच प्रेसवर छापला, आणि पेपर बंद केला तो वेगळाच.

म्हणजे दडपशाही होतीच, यात वाद नाही. पण त्याच न्यू ऑर्लिन्सला लष्कर बसलेलं असतानाच सप्टेंबर 1862 मध्ये तिथल्या स्वतंत्र कृष्णवर्णीयांनी 'ल्युनियों' हा फ्रेंच पेपर सुरू केला, उघड गुलामगिरीविरुद्ध लिहायला लागले, आधीच्या दक्षिणेच्या राजवटीत जे छापणं शक्यच नव्हतं. तो 1864 ला बंद पडला, पण त्यामागचे डॉक्टर रुदानेझ गप्प बसले नाहीत, लगेच जुलैत 'ट्रिब्यून' काढला, इंग्रजी आणि फ्रेंच दोन्हीत, आणि त्याच वर्षी तो रोज निघायला लागला. अमेरिकेतलं कृष्णवर्णीयांचं पहिलं दैनिक हेच.